परकार मॅडमचा पाहुणा

परकार मॅडम बोलता बोलता थांबायच्या. वाक्य अर्ध्यावर यायचं, हात हवेत तसाच राहायचा आणि नजर खिडकीतून तळ्यावर जायची. समोर नवा माणूस असला की तो घसा खाकरायचा, नाहीतर हातातली फाईल उगाच पुढे सरकवायचा. आम्ही जुने तसं काही करत नसू. आम्ही थांबायचो. मग मॅडम परत यायच्या आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच, त्याच क्रियापदाने, पुरं करायच्या. मधल्या वेळात त्या कुठे जाऊन येत, ते मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही असं नाही. विचारावंसं वाटलं नाही. झोपलेल्या माणसाला स्वप्नात काय बघतोस म्हणून कोणी हलवतं का?

बेलापूरच्या पंप हाऊसवर त्या इंजिनीअर होत्या आणि मी सुपरवायझर. शहराचा हा भाग भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. नाल्यांचं पाणी आधी धारण तलावात येतं आणि तिथून खाडीत जातं. मधे लोखंडी झडपा आहेत. भरती चढली की खाडीचं पाणी त्यांना बाहेरून रेटतं आणि त्या आपोआप मिटतात. पाऊस बेताचा असला तर तळं तो पोटात धरून ठेवतं, ओहोटीला झडपा उघडल्या की सोडून देतं. पण पाऊस आणि भरती दोन्ही एकदम जोरात आली, तर तळ्यातलं पाणी पंपाने उचलून भिंतीपलीकडे खाडीत टाकावं लागतं. आमचं काम एवढंच. वर्षातले बरेचसे दिवस तिथे काहीच घडत नसे. हिवाळ्यात सकाळी तळ्यावर धुकं बसायचं, त्यात फ्लेमिंगो उभे असायचे, आणि धुकं विरळ होईल तसे ते एकेक करून उमटत यायचे, जणू कोणीतरी ओल्या कागदावर गुलाबी रंग टेकवत चाललंय. मॅडम काळा चहा घेऊन कठड्याशी उभ्या राहायच्या. आल्याचा चहा, वर लिंबू पिळलेलं, स्टीलच्या पेल्यात. तो पेला रिकामा झाला तरी बराच वेळ ओठांशी असायचा.

बुटक्या, सावळ्या, सुती सलवार-कमीज, डोक्यावरून घेतलेली ओढणी आणि पायात काळे गमबूट. गमबूट बारा महिने. एप्रिलच्या उन्हात, वरच्या ऑफिसातल्या मीटिंगला, कोणाच्या निवृत्तीच्या समारंभाला, सगळीकडे तेच. कोणी हसलं तर म्हणायच्या, "पाणी सांगून येत नाही ना." त्या मूळच्या श्रीवर्धनकडच्या. बोलणं आमच्यासारखं ऑफिसातलं मराठी, पण रागावल्या किंवा खूश झाल्या की त्यात किनाऱ्यावरचा हेल यायचा. डब्यात तांदळाच्या रोट्या आणि सुक्या जवळ्याची चटणी असली की मला हाक मारायच्या. माझे वडील साताऱ्याकडून येऊन बाजारात माथाडीचं काम केलेले. आमच्या घरी ज्वारीची भाकरी. मॅडमची रोटी हातात घेतली की उजेडाला धरून बघावी इतकी पातळ असायची. त्या म्हणायच्या, "जाधव, खा रे, बघतोस काय."

पाण्याविषयी त्यांचं बोलणं वेगळं होतं. "आज पाणी जड आहे," म्हणायच्या. भरतीचे तक्ते भिंतीवर टांगलेले होते, मोजपट्टी होती, सगळं होतं. मॅडम ते रोज बघायच्या, त्यात चूक काढायच्या नाहीत. पण तक्ता बघून झाल्यावर कठड्यावर तळवा टेकवून उभ्या राहायच्या आणि मग सांगायच्या, जड की हलकं. त्याचा अर्थ काय, ते आमच्यापैकी कोणालाच नीट सांगता आलं नसतं. जड म्हटलं की आमचा ऑपरेटर दशरथ मात्र त्या दिवशी लवकर जेवून घ्यायचा.

आमच्याकडे दोन विजेवरचे पंप होते, आणि वीज गेली तर म्हणून एक डिझेलवरचा. त्या डिझेल पंपाचं जुनं इंजिन मॅडम 'म्हातारा' म्हणायच्या. म्हातारा सुरू झाला की काळ्या धुराचा लोट निघायचा. वारा खाडीकडून असला तर तो शहरावर, आणि शहराकडून असला तर थेट दिवाळे गावावर. गाव हाकेच्या अंतरावर. होड्या, जाळी, वाळत घातलेली मासळी.

एकदा पावसाळ्याच्या आधी म्हाताऱ्याची चाचणी चालू होती. दोन-तीन दिवस तो रोज थोडा थोडा चालवला. चौथ्या दिवशी गावातून हिराबाय आली. वय झालेली, ताठ, मासळी विकून आवाज खरखरीत झालेला. तिने डोक्यावरची पाटी मॅडमच्या टेबलावर ठेवली. पाटीत सुके बोंबील होते. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाय, हे कोन घेल ते सांग."

मॅडमनी एक बोंबील उचलला आणि अंगठा त्यावरून फिरवला. अंगठा काळा झाला. त्यांनी तो दिवसभर धुतला नाही. त्या दिवशी त्यांनी ज्या ज्या फाईलवर सही केली, तिच्या कोपऱ्यात एक काळा ठसा उमटला. वरच्या ऑफिसातून एकाने फोन करून विचारलं, हे काय आहे. मॅडम म्हणाल्या, आमच्या पंपाचा धूर आहे, तुमच्यापर्यंत पोहोचावा म्हणून पाठवलाय.

नवं इंजिन यायला त्यानंतर कित्येक पावसाळे गेले. मॅडमनी त्यासाठी कुठे कुठे खेटे घातले, किती वेळा प्रस्ताव परत आला, ते मी सांगत बसत नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही. एक दिवस ट्रक आला, क्रेनने एक स्वच्छ पिवळं धूड उतरवलं आणि मॅडमनी त्याला नाव दिलं: पाहुणा.

पाहुण्याचे लाड होते. नव्या नियमांचं इंजिन. धूर बाहेर पडण्याआधी त्यात युरियाचं पाणी फवारलं जायचं आणि त्यातलं विष मरायचं. काचेसारखं स्वच्छ द्रावण, त्याची वेगळी टाकी. ते संपलं, भेसळीचं निघालं किंवा फवारा बंद पडला, तर इंजिन आधी पिवळा दिवा लावून सांगायचं. दुर्लक्ष केलं तर हळूहळू आपली ताकद कमी करायचं, आणि तरीही कोणी लक्ष दिलं नाही तर नुसतं गुरगुरत बसायचं. घाण धूर सोडून काम करणार नाही, असा त्याचा हट्ट कारखान्यातच त्याच्यात घातलेला होता. मॅडमना हा हट्ट फार आवडायचा. रोज सकाळी आल्या आल्या दशरथला विचारायच्या, "पाहुण्याला पाणी विचारलंस का?" दशरथ तळवलीचा. तो टाकीचा काटा बघून सांगायचा, "इचारला मॅडम. अजून पोट भरलेला हाय."

पॅनलच्या कडेला एक लाल प्लास्टिकची झाकणी होती, तिच्याखाली एक किल्ली, आणि झाकणीला तारेचं सील. दशरथने पहिल्याच आठवड्यात विचारलं, ही कशाला. मॅडमनी त्याला समजावलं. ही संकटाची किल्ली. ही फिरवली की पाहुणा आपला हट्ट सोडतो. फवारा असो नसो, ठरावीक वेळ पूर्ण ताकदीने चालतो. मग पुन्हा बसतो. अशी ती मोजक्याच वेळा फिरते. नंतर कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत फिरत नाही. आणि प्रत्येक वेळ इंजिन स्वतःच्या आठवणीत लिहून ठेवतं, ते कोणाला पुसता येत नाही. फिरवण्याआधी कंट्रोल रूमला कळवायचं, तसा नियम. "आणि संकट म्हणजे," मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. नजर तळ्यावर गेली. एक पाणकावळा बुडी मारून दुसरीकडे वर आला, पंख पसरून वाळत उभा राहिला. मग त्या परत आल्या. "आणि संकट म्हणजे काय, ते त्या दिवशी जो इथे उभा असेल त्याने ठरवायचं. म्हणून तिला सील आहे."

पुढच्याच पावसाळ्यात त्या सीलवर पहिली पाळी आली. द्रावणाचा पुरवठा लांबला होता. मॅडमनी तीनदा आठवण केली होती, तरी लांबला. पाहुण्याने दिवा लावला आणि ताकद कमी केली. आमच्या बाजूच्या मैदानावर पाणी साचलं होतं, घोट्याएवढं, आणि संध्याकाळी तिथे कसलासा मोठा कार्यक्रम होता. मंडप उभा होता. विजेचा एक पंप दुरुस्तीला गेलेला, दुसरा एकटा पुरत नव्हता. वरच्या साहेबांचा फोन आला: किल्ली फिरवा, मैदान कोरडं करून द्या. मॅडम म्हणाल्या, "साहेब, ही संकटाची किल्ली आहे, सोयीची नाही. ओहोटी लागली की पाणी आपसूक उतरेल." साहेबांनी आवाज चढवला, तो मला खुर्चीत बसून ऐकू येत होता. मॅडमचा आवाज चढला नाही. त्या शेवटी म्हणाल्या, तुम्ही लेखी द्या, मी फिरवते. लेखी आलं नाही. कार्यक्रम झाला. मान्यवर बूट हातात घेऊन, पाय पाण्यात सोडून खुर्च्यांवर बसले, आणि मंडपातल्या दिव्यांची प्रतिबिंबं त्यांच्या पायांशी हलत राहिली. मॅडम कठड्यावरून ते बघत होत्या. मला म्हणाल्या, "छान दिसतंय नाही?" त्यांना खरंच छान वाटत होतं. साहेबांच्या मनात मात्र ते पाणी राहून गेलं.

मॅडमचे यजमान अन्वरसाहेब. नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेले, उंच, हळू बोलणारे. मूल नव्हतं. दोघंच. अन्वरसाहेबांची किडनी गेली होती, एक दिवसाआड डायलिसिसला जावं लागायचं. तळ्याच्या पलीकडच्या सेक्टरमध्ये एका इमारतीत तळमजल्यावर केंद्र होतं. पंप हाऊसच्या गच्चीवरून त्या इमारतीची पाटी दिसायची. अन्वरसाहेबांच्या डायलिसिसच्या दिवशी मॅडम दुपारी एकदा गच्चीवर जायच्या, पाटीकडे बघायच्या आणि खाली यायच्या. बस, तेवढंच.

मैदानाच्या प्रकाराला वर्ष झालं होतं, आषाढ सरत आला होता. दोन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती, आणि त्या दिवशी भरती दुपारची होती, मोठी. सकाळी मॅडम कठड्यावर तळवा टेकवून उभ्या राहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. जड नाही, हलकं नाही. दशरथ माझ्याकडे बघायला लागला.

दुपारी आभाळ इतकं खाली आलं की दिवे लावावे लागले. झडपा मिटल्या. आम्ही विजेचे दोन्ही पंप लावले, तळं जागच्या जागी धरलं. मग सबस्टेशनात पाणी शिरल्याने वीज बंद केली गेली. पंप थांबले. एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत पाऊस किती मोठा आहे ते पहिल्यांदा ऐकू आलं. दशरथने पाहुणा सुरू केला. पाहुण्याने लगेच पाणी उचललं. मॅडमनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पण बसतात न बसतात तोच पिवळा दिवा लागला.

टाकी भरलेली होती. फवाऱ्याचं तोंड युरियाच्या पांढऱ्या खड्यांनी बुजलं होतं. तशी शंका मॅडमना आठवडाभर होती, त्यांनी तक्रार केलेली होती. मेकॅनिक त्या सकाळीच रबाळ्याहून निघाला होता आणि तुर्भ्याला पाण्यात अडकून पडला होता. दशरथने गरम पाण्याची फडकी लावून बघितलं, पण चालत्या इंजिनला त्यापेक्षा जास्त हात लावता येत नव्हता, आणि बंद करायची सोय नव्हती. बघता बघता पाहुण्याचा आवाज उतरला. पाइपमधून पडणारा जाड धबधबा बारीक होत गेला. दशरथ आत येऊन म्हणाला, "मॅडम, पाहुना बसला."

तळं रस्त्याच्या कडेला टेकलं. मॅडम कंट्रोल रूमला फोन लावत होत्या, तो सारखा एंगेज येत होता. मी माझ्या फोनवरून लावला, तोच प्रकार. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. डायलिसिस केंद्रातल्या सिस्टर होत्या. पार्किंगमध्ये पाणी आलंय, जनरेटरचं पॅनल बेसमेंटला आहे, तिथे पाणी पोहोचायला वेळ लागणार नाही. सगळ्या खुर्च्यांवर पेशंट आहेत, मशीनवर. त्यांना सोडवून वर न्यायचं तर एकेकाला वेळ लागतो. थोडा वेळ मिळेल का? मॅडमनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मग त्या पॅनलपाशी गेल्या. झाकणीवर हात ठेवला आणि थांबल्या.

मला वाटलं, त्या गेल्या त्यांच्या त्या जागी. पण नजर तळ्यावर नव्हती, स्वतःच्या हातावर होती. बाहेर पाऊस एका सुरात पडत होता, खोलीत सगळीकडे पाण्याचा करडा उजेड हलत होता, भिंतीवर, छतावर, मॅडमच्या ओढणीवर. आम्ही तिघंही पाण्याखाली उभे आहोत असं वाटत होतं.

"जाधव," त्या म्हणाल्या, "अन्वर आत आहेत."

"माहितीय मॅडम."

"ते आज घरी असते, तर तू मला काय सांगितलं असतंस?"

मी खिडकीशी गेलो, मोजपट्टी बघितली, पलीकडचा रस्ता बघितला. रस्ता आता दिसत नव्हता, नुसती दुभाजकावरची झाडं पाण्यातून वर आलेली होती. मग म्हणालो, "फिरवा म्हणून सांगितलं असतं."

"दशरथ, तू?"

दशरथने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. "मॅडम, आमचे तलवलीला हे पानी येत नाय. मना इथं सख्खा कोन नाय. फिरवा."

मॅडमनी तार तोडली.

पाहुण्याने असा श्वास घेतला की जमीन हलली. धबधबा पुन्हा जाड झाला. आणि पाठोपाठ वास आला. म्हाताऱ्यासारखा काळा धूर नव्हता, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण घशाला झोंबणारं, डोळ्यांत पाणी आणणारं काहीतरी हवेत पसरलं. वारा गावाच्या दिशेने होता. मॅडम दार उघडून बाहेर गेल्या आणि धुराच्या नळीच्या खाली, वारा जिकडे जात होता त्या बाजूला, पावसात उभ्या राहिल्या. मी छत्री घेऊन गेलो, तर त्यांनी हातानेच परत पाठवलं. खोकत होत्या, ओढणी तोंडाला लावली नव्हती. दिलेली वेळ संपून पाहुणा पुन्हा बसला, तेव्हा आत आल्या, किल्ली दुसऱ्यांदा फिरवली, आणि पुन्हा बाहेर जाऊन तिथेच उभ्या राहिल्या.

तळं चढायचं थांबलं. मग बोटभर उतरलं. कुठल्या क्षणी भरती फिरली ते कळलं नाही, पण झडपांकडून तो खोल, ओला आवाज आला, जुनं लाकडी दार कुणीतरी हलकेच ढकलावं तसा, आणि तळ्यातलं पाणी आपल्या पायांनी खाडीत जायला लागलं. दशरथ म्हणाला, अजून थोडा वेळ चालवू, तळं पार रिकामं करू. मॅडम म्हणाल्या, नको. आता झडपा बघतील. आणि त्यांनी स्वतः इंजिन बंद केलं.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर केंद्रात गेलो. बेसमेंटच्या शेवटच्या पायऱ्या ओल्या होत्या, पॅनल कोरडं होतं. सिस्टरने बहुतेक पेशंटना वर हलवलं होतं. अन्वरसाहेब शेवटच्या खुर्चीवर होते. त्यांना सगळ्यात शेवटी लावलं होतं म्हणून त्यांचं अजून चालू होतं. ते झोपले होते. मॅडम स्टुलावर बसल्या, गमबुटातून फरशीवर पाणी गळत होतं. थोड्या वेळाने साहेबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "पाऊस थांबला का?"

"थांबेल," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला यायच्या आधी त्या दिवाळ्याला गेल्या. हे मला हिराबायकडूनच कळलं. ओट्यावर बसून त्यांनी हिराबायला सांगितलं, की नवीन इंजिन आणताना वास येणार नाही असा शब्द दिला होता, काल तो मोडला, मीच मोडला. हिराबायने त्यांना चहा दिला. मला सांगताना ती हसत होती. "मी बोल्ली, वास त आला बाय. रातभर पोरा खोकली. पन घरान पानी नाय आला." मग म्हणाली, "सांगाला कोन येतंय सांग."

मॅडमनी अहवाल लिहिला, त्यात सगळं लिहिलं. कंट्रोल रूमला कळवता आलं नाही हे, आणि यजमान त्या केंद्रात होते हेही. मी म्हणालो, ते लिहायची काय गरज होती, कोणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "विचारायला लागू नये म्हणूनच."

पण विचारलं. चौकशी बसली, वरचे साहेब त्या कमिटीवर होते. एका थंडगार खोलीत आम्हा तिघांना बसवून एकेकाला विचारलं. मी जे बघितलं ते सांगितलं, दशरथनेही. मॅडमना विचारलं गेलं, मैदानावर पाणी होतं तेव्हा तुम्ही नियम दाखवलात, मग घरचा माणूस आत होता तेव्हा नियम कुठे गेला? त्या खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे त्या भिंतीकडे बघत होत्या. कोणीतरी घसा खाकरला. मग त्या म्हणाल्या, "मैदानात कोणाचा जीव अडकला नव्हता. इथे होता. त्यातला एक माझा होता, हे मी लपवलेलं नाही. निर्णय माझा. या दोघांना विचारलं, ते मला स्वतःला तपासायचं होतं म्हणून."

निकाल असा आला, की किल्ली फिरवणं योग्य होतं, पण आधी न कळवणं हा दोष. तेवढ्यावर शेरा मारला आणि उरलेल्या नोकरीसाठी मॅडमना मुख्य इमारतीत टेबलाचं काम दिलं. कसल्याशा परवानग्या तपासायचं. त्या आपला स्टीलचा पेला घेऊन तिकडे गेल्या. दशरथ मात्र त्या दिवशी जेवला नाही.

मी अधूनमधून वर जायचो. टेबल खिडकीपासून लांब होतं; खाडी बघायची तर उभं राहावं लागायचं, आणि मॅडम उभ्या राहायच्या. शेजारच्या टेबलावरच्या बायकांना आधी ते विचित्र वाटायचं, मग सवय झाली. एकदा डबा खाताना मी विषय काढला. त्या दिवसाचं नाही, सहज पाहुण्याचं. फवारा बदलला, आता नीट चालतो, असं सांगत होतो. त्या ऐकत होत्या. मग आपणच म्हणाल्या, "सिस्टरचा फोन आला ना, तेव्हा माझा हात आधीच किल्लीकडे निघाला होता. मला तो हात ओळखू येईना. बायकोचा होता की इंजिनीअरचा." रोटीचा तुकडा त्यांनी चटणीत बुडवला, खाल्ला नाही. "तुम्ही दोघं नको म्हणाला असता, तर मी काय केलं असतं, ते मला अजून माहीत नाही. रोज बघते, पण दिसत नाही."

बाहेर ऊन होतं, खाडी पत्र्यासारखी चमकत होती.

अन्वरसाहेबांना हा सगळा प्रकार नंतर कळला होता. मी घरी गेलो की ते मला चिडवायचे. "या जाधव, या. मला वाचवायचं की नाही, यावर हिने मतदान घेतलं म्हणे." मॅडम स्वयंपाकघरातून म्हणायच्या, पुरे आता. ते म्हणायचे, "अहो, पण बिनविरोध निवडून आलो की मी." आणि स्वतःच हसायचे, खोकला येईपर्यंत. एकदा मॅडम आत असताना त्यांनी आवाज खाली केला आणि मला म्हणाले, तिने विचारलं हे बरं केलं. न विचारता केलं असतं, तर जन्मभर माझ्याकडे बघताना तिला ती किल्ली दिसली असती. त्यानंतर ते दीड-दोन वर्षं होते. गेले ते हिवाळ्यात, घरी, दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा समारंभ करू दिला नाही. घर भाड्याने दिलं आणि श्रीवर्धनकडे बहिणीजवळ राहायला गेल्या, असं दशरथने सांगितलं. फोन केला की उचलायच्या, दोन वाक्यं बोलायच्या, मग पलीकडे शांतता. मी थांबायचो. कधी त्या परत यायच्या, कधी लाइन कट व्हायची.

गेल्या मार्चमध्ये मी सकाळी कामासाठी हायवेवरच्या एसटी थांब्यापाशी उभा होतो. श्रीवर्धनची गाडी येऊन थांबली. तिसऱ्या खिडकीत मॅडम बसलेल्या दिसल्या. भाड्याने दिलेल्या घराच्या काही कामासाठी येऊन परत चालल्या असणार. केस पार पांढरे झालेले, ओढणी खांद्यावर घसरलेली. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यातून कसल्यातरी रोपाचे दोन पोपटी शेंडे बाहेर आलेले. त्या झोपल्या होत्या. डोकं काचेला टेकलेलं आणि तोंड किंचित उघडं.

मी खिडकीखाली गेलो. हात वर केला असता तर काचेवर टकटक करता आलं असतं. कंडक्टरने विचारलं, चढायचंय का. मी मान हलवली, नाही. गाडीत कोणीतरी पेरू कापत होतं, त्याचा वास खाली येत होता. मॅडमच्या मांडीवरचा हात झोपेतच जरा उचलला गेला, बोलताना जायचा तसा हवेत थोडा वर, आणि परत पिशवीवर येऊन विसावला.

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली, काचेवरून उन्हाचा एक पट्टा सरकत गेला, तो मॅडमच्या गालावरून, कानावरून मागे गेला. त्या जाग्या झाल्या नाहीत. मी तिथेच उभा राहिलो, गाडी पनवेलच्या बाजूला वळून दिसेनाशी होईपर्यंत.